पेन्शन कन्सल्टंट, ठाणे वेस्ट: टक्के विकतात, ‘नाना’ वाचत नाहीत

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी १ स्टार, आणि तोसुद्धा ह्यांना नाही, बिल्डिंगच्या खाली जो झेरॉक्सवाला बसतो त्याला, त्याचं पुढे येईलच. ऑफिसचं नाव लिहीत नाही, मला वकिलाच्या नोटिशी वाचायची हौस नाही, एवढी वर्षं कागदच वाचतेय. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, बाहेर तिरंग्याच्या रंगातला बोर्ड, ‘माजी सैनिकांची सर्व कामे, डिसेबिलिटी पेन्शन स्पेशालिस्ट’. ज्यांच्या घरी कुणी फौजेतनं तब्येतीमुळे लवकर घरी आलंय त्यांनी तरी हे पूर्ण वाचा, बाकीच्यांना बोअर होईल.

आमचे हे तोफखान्यात हवालदार, ड्रायव्हर. १७ वर्षं सर्विस. मूळचे खटाव तालुक्यातले, पण मी ऐरोलीला पतपेढीत नोकरीला म्हणून मी, सासूबाई आणि मुलगी इथे, आणि हे जिथे युनिट तिथे. एप्रिल २०२२ मध्ये रात्री पावणेतीनला फोन आला की वहिनी साहेबांना छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलला नेलंय, काळजी करू नका, आणि ‘काळजी करू नका’ म्हटल्यावर जे होतं ते झालं. वय ३७. मोठा अटॅक. वाचले हे नशीब, पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला, ईएफ म्हणतात ते, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद, ३० टक्क्यांवर आलं. पुढे पुण्याच्या एआयसीटीएसला, म्हणजे फौजेच्या हृदयाच्या हॉस्पिटलला, तपासण्या झाल्या, तिथल्या सिस्टरांचं नाव काढलं की सासूबाई अजून हात जोडतात.

फौजेत तब्येतीला शेप म्हणतात, म्हणजे पाच अक्षरं, एस मनाची तब्येत, एच कानाची, ए हातापायाची, पी शरीराची आतली, ई डोळ्यांची. प्रत्येकाला १ ते ५ नंबर, १ म्हणजे कडक, ५ म्हणजे घरी. आमचे १७ वर्षं शेप वन होते, त्याचा भारी अभिमान, गावाला गेले की पोरांना सांगायचे. नऊ महिन्यांत पी-५ झाले. जानेवारी २०२३ ला इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे तब्येतीमुळे घरी पाठवायचं ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड, झालं, ३० एप्रिलला घरी. पेटी, होल्डॉल आणि औषधांची पिशवी घेऊन माणूस ऐरोली स्टेशनला उतरला तेव्हा मुलगी आठवीत होती आणि तिला वाटलं बाबा सुट्टीवर आलेत.

आता मुद्दा. बोर्डाने डिसेबिलिटी दिली ४०%, आजीवन. आम्ही म्हटलं चला, ४०% तर ४०%, पेन्शनमध्ये काहीतरी येईल. आमच्या घरात तेव्हा टक्क्यांचा नुसता गोंधळ होता, हृदय ३०%, बोर्ड ४०%, आणि सासूबाईंच्या डोक्यात असं की हृदय ३० चालतंय म्हणजे पेन्शन पण ३०च देणार, हृदय सुधारलं की पेन्शन वाढेल. हसू नका, त्या पहिल्या महिन्यात मलाही धड कळत नव्हतं. मग ऑगस्टमध्ये पत्र आलं. साधी पेन्शन सुरू होतीच, १७ वर्षं झालेली होती म्हणून, पण डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे आजारपणाचे जे वर मिळतात ते, नामंजूर. का तर इंग्रजीत एक ओळ. ती ओळ मी दहा वेळा वाचली आणि मला एवढंच समजलं की नाही म्हणतायत. खाली लिहिलेलं की पटत नसेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करा.

सहा महिने लक्षात ठेवा, कारण इथून कन्सल्टंटची एन्ट्री.

नणदेच्या सोसायटीतल्या कुणीतरी नंबर दिला. सप्टेंबर २०२३, शनिवारी गेलो. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे, दहा नंबरवरून पुलावर चढायचं, पुलावरून उतरायचं, हे दर वीस पायऱ्यांना थांबणार आणि थांबलेत असं दिसू नये म्हणून मोबाइल बघणार. तिथवर पोचलो तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मी फोन केला की अहो खाली या ना, हार्ट पेशंट आहेत, तर वरून उत्तर, ‘मॅडम सगळी सिस्टिम वर आहे, हळूहळू या, घाई नाही.’ डिसेबिलिटीचा स्पेशालिस्ट आणि डिसेबल माणसाला दोन मजले चढवतोय! पहिल्या मजल्याच्या वळणावर हे भिंतीला टेकून खाली बसले, ओठ पांढरे. खालचा झेरॉक्सवाला ते बघत असावा, कारण काही न बोलता प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन वर आला, ह्यांना बसवलं आणि परत जाऊन पाणी आणलं. स्टार त्याचा, तो इथला.

ऑफिस आतून भारी. एसी, टेबलावर छोटा झेंडा, भिंतीवर मोठमोठ्या वर्दीवाल्यांसोबत फोटो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जय हिंद’. हे विचारत होते कुठल्या रेजिमेंटचे आपण, तर चौथ्यांदा विचारल्यावर कळलं की कन्सल्टंट स्वतः फौजी नाहीत, त्यांचे मेहुणे होते. ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही, डॉक्टरला आजारी असावं लागत नाही. पण मग जय हिंदचा एवढा मारा कशाला?

त्यांनी पत्र घेतलं, वरवर बघितलं (घड्याळ बघते मी सवयीने, एक मिनिटसुद्धा नाही) आणि म्हणाले, ‘४० दिलेत ना, तिथेच गेम झाला. आपण ४० चे ६० करून घेऊ, ६० झाले की बँडिंगमध्ये डायरेक्ट ७५. आयुष्यभर.’ फी १५ हजार ॲडव्हान्स, आणि थकबाकी आली की तिचे २०%.

हे बँडिंग काय ते सांगते, कारण ही गोष्ट खरी आहे आणि ह्याच खऱ्या गोष्टीवर त्यांचं दुकान चालतं. बोर्डाने जे टक्के दिले ते पैसे देताना वरच्या टप्प्यावर नेतात. ५० च्या आत असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ च्या पुढे सगळं १००. मेडिकलवर बाहेर पडलेल्यांना हे १ जानेवारी १९९६ पासून लागू आहे, तसा आदेश २००१ चा. जे वय झाल्यावर किंवा टर्म संपल्यावर निवृत्त झाले त्यांना सरकार देत नव्हतं, ते सुप्रीम कोर्टाने राम अवतार केसमध्ये डिसेंबर २०१४ ला द्यायला लावलं. आणि हिशेब असा की १०० टक्के डिसेबिलिटी असेल तर शेवटच्या पगाराचे ३०%, मग त्याच प्रमाणात खाली. शेवटचा पगार पन्नास हजार धरा, आमचा साधारण तेवढाच. ७५ चे महिन्याला ११,२५०, ५० चे ७,५००, वर महागाई. मी पतपेढीतली बाई, हे त्यांच्यासमोरच बसून मोबाइलवर केलं आणि ११,२५० हा आकडा बघून माझीपण मती फिरली, खोटं कशाला सांगू. ह्यांना घेऊन परत दोन मजले उतरताना मी मनात मुलीच्या क्लासची फी भरत होते. १५ हजार त्याच दिवशी यूपीआय केले. पावती? ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो मॅडम.’ अजून पाठवतायत.

मग काय सर्विस मिळाली ते ऐका.

पहिलं, बोर्डाचे कागद मागवायचे म्हणून आरटीआय. त्याचे वेगळे दीड हजार घेतले. आरटीआयची सरकारी फी आहे १० रुपये. दहा. पोस्टल ऑर्डर लावायची, नाशिक रोडला तोफखान्याच्या रेकॉर्ड्सला अर्ज करायचा, हवालदाराचा नंबर, रँक, नाव, बोर्डाची तारीख, ‘एएफएमएसएफ-१६ ची (बोर्डाचे कागद ज्या फॉर्मवर असतात तो) पूर्ण प्रत द्या’, झालं. हे मला नंतर कळलं. कागद आले, २४ दिवसांत आले, त्याला तक्रार नाही, पण ते कन्सल्टंटच्या पत्त्यावर मागवलेले आणि आम्हाला प्रत द्यायला तीन आठवडे लावले, तेसुद्धा मी स्वतः ऑफिस सुटल्यावर जाऊन आणले.

दुसरं, ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज, फॉरवर्ड, की सरकारने २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आणलेत, हार्ट आणि बीपीवाल्यांचं आता अवघड झालंय, तुमची केस नव्या नियमात बसवायला जास्तीचं काम, १० हजार अजून लागतील. आता नवे नियम आलेत हे खरं आहे. नोकरीत राहिलेल्यांना आता डिसेबिलिटी एलिमेंट नाही म्हणत, इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात, निकषही बदललेत. पण ते त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांना. आमचे एप्रिलमध्ये घरी आलेले, त्यांना जुनेच नियम! म्हणजे ह्या माणसाला एकतर तारीख वाचता येत नव्हती किंवा आम्हाला वाचता येत नसेल असं वाटलं होतं. ते १० हजार मी दिले नाहीत, पण शहाणपण म्हणून नाही, तेव्हा नव्हतेच.

तिसरं आणि सगळ्यात भारी. जानेवारी २०२४ उजाडला, सहा महिन्यांतले पाच गेले, मी रोज फोन करतेय, शेवटी अपीलचा ड्राफ्ट आला. अडीच पानं. वर ह्यांचं नाव, नंबर बरोबर. दुसऱ्या परिच्छेदात, ‘अर्जदारास कर्तव्यावर असताना उजव्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली.’

गुडघा!

मी दोनदा वाचलं, ह्यांना दाखवलं, हे उजवा गुडघा पुढे करून म्हणाले बघ बाई, आहे का काही. त्या दिवशी घरात खूप दिवसांनी सगळे हसले, त्याबद्दल कन्सल्टंटचे आभार. दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज उचलून नाव बदललेलं. आणि पूर्ण अर्जात मागणी एकच, ४० टक्के वाढवून ६० करा. पत्रातली ती जी इंग्रजी ओळ होती, नामंजूर का केलं ती, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. मी फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक, करेक्शन करून पाठवतो, जय हिंद.

तेव्हा माझी सटकली. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि सगळी फाइल घेऊन कोर्ट नाक्याला कलेक्टर ऑफिसकडे गेले, तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. हे मी आधीच का केलं नाही? कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सरकारी ऑफिसात कोण विचारणार, पैसे दिले की काम होतं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि बाकावर बसलेल्या एका गृहस्थांकडे बोट दाखवून म्हणाल्या, साहेब बसलेत त्यांना दाखवा, त्यांची लिखापढीत हयात गेलीय. ते स्वतःच्या कुठल्यातरी कामाला आलेले, नायब सुभेदार म्हणून रिटायर, ट्रेड क्लार्क. पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. मी साहेब म्हटलं आणि हवालदारांची मिसेस आहे म्हणून सांगितलं तर उठून उभे राहिले, म्हणाले, ‘वहिनी, बाहेर चहा घेऊ, इथे उजेड कमी आहे.’

आणि टपरीच्या फळीवर फाइल उघडून त्या माणसाने जे केलं ते आमच्या कन्सल्टंटने साडेसोळा हजारात केलं नव्हतं. वाचलं. पहिल्या पानापासून, बोट ठेवून. बोर्डाच्या मताचं पान आलं तसे थांबले. तिथे एक तक्ता असतो, एका बाजूला आजाराचं नाव, मग रकाने, सर्विसमुळे झाला का, सर्विसमुळे वाढला का, सर्विसशी संबंध नाही का, प्रत्येकात हो किंवा नाही, आणि शेवटी कारण. आमचं नाही, नाही, हो. कारणाच्या रकान्यात, आजार पीस स्टेशनला (म्हणजे सीमेवर नाही, शांत ठिकाणी) सुरू झाला, नेहमीची ड्युटी, ताण नाही. साहेब म्हणाले, ‘हा बघा वहिनी, हा नाना बसलाय तुमच्या घरात.’ मला वाटलं माणसाबद्दल बोलतायत. तर इंग्रजीत ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’, म्हणजे सर्विसमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही, त्याची पहिली अक्षरं घेतली की नाना. ‘ह्या नानाने लय घरं बुडवलीत. हा आहे तोवर तुमचे ४० काय आणि ९० काय, सगळं बिनकामाचं. किमान २० टक्के पाहिजेत हे खरं, पण आधी हा हलला पाहिजे, मग टक्के. आणि ४० चं काही करायची गरजच नाही, तो हलला की ४० चे ५० आपोआप.’

मी तिथेच फळीवर डोकं धरून बसले. शून्याचं बँडिंग केलं तर शून्यच येणार ना, पतपेढीत वीस वर्षं व्याज काढतेय मी, एवढं मला सुचू नये! पाच महिने आम्ही ४० चे ६० कसे होतील ह्याच्या मागे, आणि खरा अडथळा एका रकान्यातल्या दोन ‘नाही’मध्ये.

मग त्यांनी विचारलं, अटॅकच्या आधीचे चौदा दिवस हवालदारसाहेब कुठे होते. मी म्हटलं युनिटलाच, पीस स्टेशनला. ‘नीट विचारा त्यांना. हार्टच्या केसला चौदा दिवसांच्या ड्युटीचा तक्ता बघतात, मेडिकल ऑफिसरांच्या गाईडमध्येच आहे ते, २००२ च्या, २००८ ला सुधारलेल्या. बोर्डाने तो युनिटकडून मागवलेला असणार.’ उलटून बघितलं तर होता, फाइलच्या मागे, एका ओळीचा. ‘नॉर्मल रेजिमेंटल ड्युटीज.’ सही, शिक्का.

घरी फोन लावला, स्पीकरवर. हे म्हणाले, ‘चौदा दिवस? अगं रेंजवर होतो ना आम्ही, महाजनला.’ महाजन म्हणजे राजस्थानात बिकानेरकडे, तोफांच्या फायरिंगची मोठी रेंज. नऊ दिवस फायरिंग, एप्रिलच्या उन्हात, ह्यांच्याकडे तोफ ओढणारी गाडी, दिवसा पोझिशन बदलायची आणि रात्री दारूगोळा आणायचा. मग दोन दिवस कॉन्व्हॉयने परत. परत आल्यावर तिसऱ्या रात्री अटॅक. नऊ अधिक दोन अधिक तीन. साहेबांनी चहाच्या कपाखालच्या पेपरवर बेरीज करून १४ ला गोल केला आणि माझ्याकडे बघितलं.

‘पुरावा काय?’

इथे आमच्या ह्यांची एक सवय कामाला आली, जिच्यावरून मी आयुष्यभर टोमणे मारलेत. खिशात छोटी डायरी असते, तारीख, किलोमीटर, डिझेल, आणि जेवण काय होतं ते. गाडीची सरकारी कार डायरी असते ती वेगळी, ती युनिटला, पण हे त्याची कॉपी स्वतःकडे ठेवणार. लग्नातली रंगीत पेटी उघडून संध्याकाळी शोधली तर २०२२ ची सापडली, निळी, वर रेतीचा बारीक थर अजून होता. ‘महाजन. रात्री ३ फेऱ्या. ६४ किमी. झोप नाही. दाल.’ पुढच्या पानावर ‘छातीत जळजळ. ॲसिडिटी गोळी.’ हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी ते पान धरून किचनमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही, ते इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

साहेबांनी अपील लिहिलं साध्या इंग्रजीत, दीड पान. तारखांसकट चौदा दिवस, डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून, आणि विनंती की युनिटची मूव्हमेंट ऑर्डर आणि गाडीची कार डायरी बोलवून खात्री करा. एक परिच्छेद सुप्रीम कोर्टाचा, धरमवीर सिंग केस, २०१३, की भरतीच्या वेळी तब्येत चांगली होती, आजाराची नोंद नव्हती, तर नंतरचा आजार सर्विसमुळे धरायचा आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. मी म्हटलं साहेब मग एवढ्यावरच जिंकू की. तर म्हणाले, ‘केस सगळेच लिहितात वहिनी, तुमच्या कन्सल्टंटने पण लिहिली असती. तुमच्या फाइलमध्ये जे आहे ते दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये नाही, ते पहिल्या पानावर पाहिजे.’ आणि तंबाखू. हे तंबाखू खायचे, बोर्डाच्या कागदात नोंद होती. मी म्हटलं तो विषयच नको काढायला. साहेबांनी नाही ऐकलं, सरळ लिहिलं की सवय होती, अटॅकपासून बंद आहे, पण त्यामुळे रेंजवरचे नऊ दिवस पुसले जात नाहीत. कागदावर असलेलं लपवलं की बाकीचं पण खोटं वाटतं म्हणाले.

फी विचारली. म्हणाले मामलेदारची मिसळ खिलवा. नेलं एके दिवशी ह्यांना पण, ह्यांनी तिखट नको म्हणून नुसतं पाव-दही खाल्लं आणि आमच्याकडे असं बघत बसले की मलाच घास जाईना.

अपील फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पीड पोस्टने गेलं, मुदत संपायला दहाबारा दिवस होते. उशीर झाला तरी कारण देऊन माफ होऊ शकतो म्हणतात, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं असतं, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, त्याचं मुंबईला बेंच आहे, आपल्याला दिल्लीला जावं लागत नाही. हेही कन्सल्टंटने सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या भाषेत ‘मग कोर्टात जाऊ, पन्नासेक हजार लागतील’ एवढंच.

निकाल डिसेंबर २०२४ ला आला. दहा महिने. रोज स्पर्श पोर्टल, म्हणजे फौजेच्या पेन्शनची सरकारी वेबसाइट, उघडून बघायचे मी, लाइफ सर्टिफिकेटच्या वेळी तर दिवसातून दोनदा. ॲग्रव्हेटेड मान्य. सर्विसमुळे झाला हे नाही मानलं, वाढला हे मानलं, पण पेन्शनला दोन्हीतलं एक पुरतं. ४०%, बँडिंगने ५०, घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मे २०२३ ते डिसेंबर २०२४ म्हणजे वीस महिने, साडेसात हजाराने दीड लाख, वर महागाई. सासूबाईंना सांगितलं पन्नास झाले, तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, बघ, मी म्हणत नव्हते हृदय सुधारतंय. हे हसले आणि मग म्हणाले, आई खरंय तुझं. ईएफ ३५ आहे आता, योगायोगाने.

आता तुम्ही म्हणाल की निकाल चांगला लागला मग रिव्ह्यू एवढा कडू का. कारण जानेवारीत कन्सल्टंटचा फोन आला. कुठून कळलं देव जाणे, नणदेच्या सोसायटीतूनच असणार. ‘वहिनी अभिनंदन! शेवटी न्याय मिळाला. आपलं ते २०% चं कसं करायचं?’ म्हणजे तीस हजार. मी म्हटलं कुठल्या अपीलचे? म्हणे आपण केलेल्या. मी म्हटलं आपण केलेलं अपील गुडघ्याचं होतं, त्याची थकबाकी आली की लगेच देते. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. फोन ठेवताना ‘जय हिंद’ पहिल्यांदाच विसरले. १५ हजार आणि दीड हजार परत मागितलेत, लेखी, स्पीड पोस्टने, ते काही येत नाहीत हे मलाही माहितीय, पण पोचपावती फाइलला लावली.

सगळे कन्सल्टंट असेच असतात असं मी म्हणत नाही, मला एकच माहितीय. कुणाकडे जायचंच असेल तर पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा की बोर्डाच्या मताच्या पानावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा, मराठीत. जो टक्क्यांपासून सुरुवात करेल तिथून उठा. जो तारखा विचारेल त्याच्याकडे बसा. आणि आरटीआय स्वतः करा, स्वतःच्या पत्त्यावर मागवा. बाकी टेबल, झेंडा, एसी हे सगळं ५ पैकी ५ आहे, वाय-फायपण आहे.

झेरॉक्सवाल्याचं राहिलं. डायरीची पानं त्याच्याकडेच काढली मी मुद्दाम, पेन्सिलने लिहिलेली, फिकट, दोन दुकानांत काळीच येत होती. त्याने काच पुसली, डार्क कमी-जास्त करून चार वेळा काढली आणि पैसे एकाच प्रतीचे घेतले. स्टूल अजून तिथे जिन्याच्या वळणावरच ठेवलेलं असतं, मी परवा बघितलं. दुपारी २ ते ४ बंद असतो, शनिवारी चालू.